पट्टा, खोळ आणि चौकशा

जूनमध्ये वाङ्मय मंडळाच्या पहिल्याच बैठकीत ठरलं, की यंदा ‘हाताच्या कामांचे शब्द’ हा विषय घ्यायचा. प्रत्येकाने एक काम निवडायचं, ते करणाऱ्या माणसाजवळ जाऊन बसायचं, शब्द टिपायचे आणि जमलं तर ते काम थोडं तरी स्वतःच्या हाताने करून बघायचं. नुसता कोश उघडून लेख लिहायचा नाही, ही अट. कुणी शहापूरला मागावर गेलं, कुणी गवंड्याच्या मागे. मी चामड्याचं काम मागून घेतलं. त्याला घरचं कारण होतं. माझ्या आजोबांचा कमरेचा पट्टा बक्कलपाशी फाटला होता आणि त्यांना दुकानातला नवा नको होता. ‘तेच बक्कल, तसाच पट्टा’ एवढंच त्यांचं म्हणणं. शिवाय गुलाब छाटायची त्यांची कात्री खिसे फाडते, म्हणून पट्ट्याला अडकवायची एक खोळ हवी होती. बंदुकीच्या खोळीला इंग्रजीत होल्स्टर म्हणतात, तसंच, पण कात्रीचं. म्हटलं, एका कामात आजोबांची दोन कामं होतील आणि लेखही होईल.

आपल्या बेळगावात हे काम शोधायला लांब जावं लागत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर इथे आहे आणि छावणी म्हटली की पट्टे, बूट, म्यानं, पिस्तुलाची होल्स्टरं आलीच. दुसरीकडे अथणीपासून कोल्हापूरपर्यंतचा सगळा पट्टा चपलांचा. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. त्यात आपला जिल्हा आहे. मी ज्यांच्याकडे गेले ते मामा साठीच्या पुढचे. दुकान म्हणजे सहा फुटांची खोली. भिंतीवर संत रोहिदासांची तसबीर, खाली दगडी फरशी, एक लोखंडी ऐरण आणि पोत्यावर मांडलेली हत्यारं. रुंद पात्याची रापी कापायला नि तासायला, आरी भोक पाडायला. बाकी हातोडी, पंच, मेणाचा गोळा.

मला वाटलं होतं, माप देईन आणि ते कापायला घेतील. तसं झालं नाही. मामांनी विचारायला सुरुवात केली. पट्टा कोण घालणार? पँटवर की पायजम्यावर? पँटीच्या लुपीतनं किती रुंद जातो? माणूस दिवसभर उभा असतो की बसून? घाम फार येतो का? कात्री कुठल्या बाजूला लटकवणार? स्कूटरवर बसतात का? वजन वाढतंय की उतरतंय? पहिल्या दिवशी त्यांनी चामड्याला हातसुद्धा लावला नाही. ‘घरात इचारून या’ म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी उत्तरं घेऊन गेले, तर आणखी प्रश्न.

इथे एक गोष्ट कबूल करायची आहे, नाहीतर हा लेख खोटा होईल. दुसऱ्या दिवशी दुकानात बसलेली असतानाच मंडळातल्या मैत्रिणीचा फोन आला. ‘झालं का गं?’ तिनं विचारलं. मी म्हटलं, ‘कुठलं झालं, अजून चांभारचौकशाच चालल्यात.’ आपण हा शब्द रोज वापरतो. मीही सवयीने वापरला. शब्द तोंडातून गेला आणि मग लक्षात आलं की मी कुठे बसलेय. सहा फुटांच्या खोलीत न ऐकू येण्यासारखं काही नसतं. मामा दोऱ्याला मेण लावत होते. हात थांबला नाही. दोरा दोनदा मेणातून ओढून झाल्यावर त्यांनी आजोबांचा जुना पट्टा उचलला, उजेडात धरला आणि विचारलं, ‘आजोबांचा कुठला हात चालत नाही?’

हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. आजोबांना अडीच वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, त्यातून ते बरे झाले, पण डाव्या हातात जोर राहिला नाही. मामांनी मला पट्ट्याचं भोक दाखवलं. बक्कलचा काटा ज्यात जातो ते भोक सरळ लांबट होण्याऐवजी एका अंगाला फाकलं होतं. ‘दोन हातांनी लावला तर पट्टा सरळ ओढला जातो. हा एका हातानं तिरका ओढलाय. नवीनच सवय हाय, कारण बाकीची भोकं नीट हायत.’

त्यानंतर मी वहीत शब्द कमी लिहिले आणि बघितलं जास्त.

आता कामाकडे वळते.

आधी दोन शब्दांतला फरक. आपण कातडं आणि चामडं हे एकच समजतो. मामा तसं समजत नाहीत. जनावराच्या अंगावरून निघतं ते कातडं, ते कुजतं. कमावल्यावर त्याचं चामडं होतं. मग ते कुजत नाही. ‘कमावणे’ हे क्रियापद मला या सगळ्या कामातलं सगळ्यात मोलाचं वाटलं. आपण पैसे कमावतो, पैलवान शरीर कमावतो आणि हे लोक कातडं कमावतात. मेहनतीने एखादी गोष्ट टिकाऊ करणं, असा अर्थ तिन्हींत आहे. आपल्या भागातली जुनी पद्धत अशी: कातडं चुन्याच्या पाण्यात ठेवून केस काढायचे, आतलं मांस रापीनं खरवडायचं, मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात ते मुरवायचं. कोल्हापुरीच्या चामड्यासाठी तर कातड्याची पिशवी शिवून, ती टांगून, तिच्यात हे सालीचं पाणी भरत. पाणी झिरपत झिरपत कातड्याच्या पोटात जातं. याला आठवडे लागतात. तमिळनाडूकडे बाभळीऐवजी तरवडाची साल वापरायची मोठी परंपरा आहे. सालीत, फळात जो तुरट पदार्थ असतो, कच्चा हिरडा चावला तर जीभ आखडते तो, तोच कातड्यातल्या तंतूंना बांधून टाकतो.

दुसरी पद्धत क्रोमची. क्रोमियमच्या क्षारांनी कातडं एखाद-दोन दिवसांत कमावलं जातं. ही पद्धत एकोणिसाव्या शतकात निघाली आणि आज जगातलं बहुतेक चामडं असंच तयार होतं. ते मऊ असतं, पाण्याला टिकतं, पर्स-जाकिटांना उत्तम. पण पट्ट्याला आणि विशेषतः खोळीला ते चालत नाही. का, ते पुढे येईल. ओळखायचं कसं? कापलेली कड बघायची. रंगवलेल्या चामड्याची कड आतून निळसर-करडी दिसली तर क्रोम; तपकिरी दिसली तर सालीचं. बाजारात ‘प्युअर लेदर’ म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ पट्ट्यांत वर पातळ चामडं आणि आत चक्क पुठ्ठ्यासारखा थर असतो. वर्षभरात तो भोकापाशी फुगतो. आजोबांना दुकानातला का नको, ते मला तिथे कळलं.

माल मिळणं हीही गोष्ट आता सोपी नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून आणि कर्नाटकात २०२१ पासून गोवंश हत्याबंदीचे कडक कायदे आहेत. कर्नाटकात तेरा वर्षांवरच्या म्हशींना सूट आहे. मामा म्हशीचंच चामडं वापरतात. त्याची जाडी चांगली असते, पण दर काय लागेल ते महिन्या-महिन्याला वेगळं. या विषयावर ते फार बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

पट्ट्याला चामडं पाठीचं लागतं. कण्याच्या दोन्ही बाजूंचा भाग घट्ट असतो. पोटाकडचा सैल, ओढला की लांबतो. पोटाकडच्या चामड्याचा पट्टा सहा महिन्यांत दोन भोकं पुढे जातो आणि माणसाला वाटतं आपण बारीक झालो. जाडी साडेतीन ते चार मिलिमीटर. पट्टी कण्याला समांतर कापायची. रुंदी आजोबांच्या पँटीच्या लुपीप्रमाणे दीड इंच, म्हणजे ३८ मिलिमीटर.

लांबीचं गणित सोपं आहे पण बहुतेक जण तिथेच चुकतात. पँटचं माप सांगून पट्टा कापायचा नाही. माणूस जो पट्टा वापरतो तो घ्यायचा आणि बक्कलच्या घडीपासून तो ज्या भोकात लावतो त्या भोकापर्यंत मोजायचं. हे माप नव्या पट्ट्याच्या मधल्या भोकाला द्यायचं. भोकं पाच, एकमेकांपासून इंचभर. म्हणजे दोन भोकं जाड होण्याची सोय आणि दोन बारीक होण्याची. मामांनी मात्र माझं ‘वजन उतरतंय’ हे उत्तर लक्षात ठेवलं आणि बक्कलच्या बाजूला आणखी एका भोकाची जागा कोरी सोडून पट्ट्याच्या पळत्या टोकाची लांबी ठरवली. ‘आत्ता मारू नका. लागलं तर मारू.’

बक्कल बसतं तिथे पट्टा दुमडतो. चार मिलिमीटर चामडं दुमडलं तर आठ होतं आणि ते पोटाला टोचतं. म्हणून तेवढा भाग आतल्या अंगानं रापीनं तासून निम्मा करायचा. फरशीवर चामडं पालथं ठेवून, पातं जवळजवळ आडवं धरून, स्वतःपासून पुढे ढकलत. हे मी एका तुकड्यावर करून बघितलं. पहिल्या प्रयत्नात पातं आरपार गेलं, दुसऱ्याला चामडं जिन्यासारखं झालं. बक्कलचा काटा फिरायला लांबट खाच लागते. तिला दोन टोकांना गोल भोकं पंचनं मारायची आणि मधलं कापायचं. नुसती चीर दिली तर तिचं टोक हळूहळू फाटत जातं. गोल भोकाला टोकच नसतं, म्हणून ते फाटत नाही.

आता शिलाई. या कामात मी सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवला आणि तुम्हालाही थोडं थांबवते.

यंत्राच्या शिलाईत दोन वेगळे दोरे असतात. एक वर राहतो, एक खाली. चामड्याच्या पोटात ते एकमेकांना अडकून परत फिरतात. दिसायला सरळ, देखणी शिलाई. पण वरचा दोरा एका जागी झिजून तुटला की शेजारचे टाके सैल पडायला लागतात, आणि मग ओळच्या ओळ उसवते. हाताच्या शिलाईत दोरा एकच आणि त्याच्या दोन टोकांना दोन सुया. आरीनं भोक पाडायचं, त्याच भोकातून एक सुई डावीकडून उजवीकडे आणि दुसरी उजवीकडून डावीकडे जाते. प्रत्येक भोकात दोरा दोनदा. त्यामुळे एका अंगाचा टाका तुटला तरी दुसरा दोरा पकडून राहतो. घोड्याची खोगिरं अशीच शिवली जात, कारण शर्यतीत किंवा लढाईत खोगीर उसवणं म्हणजे माणूस जाणं.

भोकं आधी सगळी पाडून ठेवता येतात, पण मामा एकेक पाडतात. आरीचं टोक गोल नसतं, चौकोन दाबून चपटा केल्यासारखं असतं; त्यामुळे प्रत्येक भोक तिरकं पडतं आणि टाके एकमेकांवर रेलून बसतात. सगळी भोकं एकाच कोनात पडली तर शिलाई कणसातल्या दाण्यांसारखी दिसते. इंचाला सहा-सात टाके. शिलाईच्या आधी एक बारीक चर पाडून घ्यायचा, म्हणजे दोरा चामड्याच्या पातळीखाली बसतो आणि घासून झिजत नाही. दोऱ्याची लांबी शिलाईच्या चौपट, वर सुयांसाठी हातभर. मेण लावलं की दोरा पाणी पीत नाही आणि भोकात घट्ट बसतो.

नियम एकच: क्रम बदलायचा नाही. ज्या बाजूची सुई आधी घातली तीच प्रत्येक भोकात आधी, आणि दुसरी तिच्या नेहमी एकाच अंगाने. मी सातव्या टाक्याला क्रम विसरले. लगेच दिसत नाही; दोन-तीन टाके पुढे गेल्यावर कळतं की एक दात वाकडा आहे. मी म्हटलं, उसवून परत घालते. मामांनी अडवलं नाही, फक्त म्हणाले, उसवल्यावर बघा. दोरा निघाला, भोकं तशीच. कापडाचे धागे सरकून भोक बुजवतात. चामडं बुजवत नाही. जनावर जिवंत असताना लागलेलं काट्याचं ओरखडंसुद्धा त्यात कायम असतं, मग माझी आरी काय. आम्ही साहित्याचे विद्यार्थी खोडून लिहिणारे. मी हा परिच्छेद चारदा लिहिला आहे आणि त्याचा माग कुठेही नाही. तिथे तशी सोय नव्हती. मग चुकलेल्या टाक्याच्या पुढून जसं आहे तसं शिवत गेले. तो वाकडा दात आजोबांच्या पट्ट्यात आहे, बक्कलच्या खाली, शर्टानं झाकला जातो.

पट्ट्याची कड शेवटी. रापीनं कोन मारायचे, कड ओली करायची आणि गुळगुळीत लाकडानं घासत राहायचं. घासून ऊब आली की तंतू दबतात आणि कड काचेसारखी चमकते. यात कसलाही रंग किंवा डिंक नाही.

आता खोळ. इथेच मला सॅम ब्राऊनची गोष्ट सांगायची आहे. पोलीस अधिकाऱ्यांच्या कमरेच्या रुंद पट्ट्याला खांद्यावरून येणारी एक तिरकी पट्टी आपण बघतो. त्या पट्ट्याचं नाव सॅम ब्राऊन बेल्ट. हा बंगाल सैन्यातला घोडदळाचा अधिकारी, जन्म बराकपूरचा, १८२४ चा. १८५८ मध्ये उठावाच्या काळातल्या एका चकमकीत त्याचा डावा हात गेला. तलवार उजव्या हातानं उपसतात, पण त्या वेळी डाव्या हातानं म्यान धरावं लागतं, नाहीतर तलवारीबरोबर म्यानही वर येतं. म्यान धरायला हातच नाही. म्हणून त्यानं उजव्या खांद्यावरून एक पट्टी घेऊन कमरपट्ट्याला जोडली. वजन खांद्यावर गेलं आणि म्यान जागेवर राहिलं. पुढे दोन्ही हात धड असलेल्या अधिकाऱ्यांनीही तो पट्टा उचलला, सैन्यांनी उचलला, आणि आज तलवार नसतानाही तो रुबाबासाठी घालतात. राज्यकर्त्यांच्या सैन्यातला तो माणूस. त्याच्या शौर्याचे गोडवे मला गायचे नाहीत. पण एका हाताच्या माणसाची अडचण त्या पट्ट्यात अजून शिवलेली आहे, हे मला माहीत नव्हतं. माझ्या आजोबांची अडचण नेमकी तीच होती.

ही गोष्ट मी मामांना सांगितली. त्यांनी असे पट्टे पुष्कळ दुरुस्त केलेत, नाव मात्र ‘क्रॉस बेल्ट’ एवढंच ठाऊक होतं. ते म्हणाले, ‘म्हणूनच इचारलं की कुठला हात.’

एका हातानं वापरायच्या खोळीला तीन गोष्टी लागतात. कात्री ओढताना खोळ वर येता कामा नये. म्हणून मागे एक सैल लूप न ठेवता दोन घट्ट चिरा ठेवल्या, पट्टा त्यांतून अडकत अडकत जातो. वर झाकण किंवा बटण नको, कारण ते उघडायला दुसरा हात लागतो. म्हणून कात्री नुसत्या पकडीवर आत राहिली पाहिजे. आणि कात्री काढल्यावर खोळीचं तोंड मिटता कामा नये, नाहीतर परत घालता येत नाही. म्हणून तोंडाला चामड्याचा आणखी एक थर शिवला. पिस्तुलाच्या चांगल्या होल्स्टरचेही हेच प्रश्न असतात, वर एक जास्त: घोडा पूर्ण झाकलेला हवा, म्हणजे बोट किंवा कपडा चुकून त्यात अडकत नाही. जुन्या लष्करी होल्स्टरना मोठं झाकण असे ते धूळ-पावसासाठी.

कात्रीच्या धारेसाठी आणखी एक काळजी. खोळीचे दोन पदर जिथे शिवतात तिथे मध्ये चामड्याची अरुंद पट्टी घालायची. धार आतून कडेला टेकली तर त्या पट्टीला टेकते, दोऱ्याला नाही. सुरी, कोयता, कात्री, सगळ्यांच्या म्यानात ही लागते. माप काढताना कात्री पुठ्ठ्यावर ठेवून रेघ मारायची, पण रेघेवर कापायचं नाही. कात्रीला जाडीही असते, आणि ती पोटात मावायला दोन्ही बाजूंना निम्मी निम्मी जाडी आणि वर शिलाईची जागा सोडायची. माझ्या पहिल्या पुठ्ठ्यात कात्री शिरलीच नाही.

पकड येते ती ओलं करून बसवण्यानं, आणि क्रोमचं चामडं का नको ते इथे कळतं. शिवलेली खोळ साध्या पाण्यात बुडवायची, बुडबुडे थांबले की काढायची. सालीनं कमावलेलं चामडं ओलं झाल्यावर मातीसारखं वागतं. आत कात्री घालून, बाहेरून अंगठ्यानं आणि हाडाच्या तुकड्यानं दाबत जायचं, की कात्रीचा आकार वर उमटतो. सावलीत दिवसभर वाळलं की तो आकार पक्का होतो. उन्हात किंवा चुलीपाशी घाई केली तर चामडं आकसून कडक होतं, तडकतं. क्रोमचं चामडं असा आकार धरत नाही. वाळलं की परत सैल.

हे दाबायचं काम मामांनी मला घरी करायला दिलं. सांगितलं होतं, कात्री प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून घाला. मी गुंडाळली नाही. आकार स्वच्छ यावा म्हणून तशीच घातली. सकाळी बघते तर खोळीवर निळे-काळे डाग, आतून बाहेर फुटलेले. धुऊन जाईनात. घासले तर चामडंच उठायला लागलं. दीड महिन्याचं काम.

डाग कशाचे, ते मला आधी समजायला हवं होतं, कारण हा भाग आपल्या अभ्यासाचा आहे. सालीतला तुरट पदार्थ आणि लोखंड एकत्र आले की काळा रंग होतो. मायफळ आणि हिराकस यांची शाई अशीच होते. युरोपातल्या मठांमधली शेकडो वर्षांची हस्तलिखितं या शाईनं लिहिली गेली. आपल्याकडे हिरडा आणि लोखंडानं कापड काळं रंगवतात. म्हणजे मी रात्रभर खोळीत शाई तयार करत होते.

मामांकडे खोळ घेऊन जाताना मी आणखी एक गोष्ट बोलायचं ठरवलं होतं, फोनवरच्या त्या शब्दाबद्दल. ते नीट बोलता आलं नाही. ‘त्या दिवशी मी जे बोलले ते…’ एवढंच झालं. मामा डागांकडे बघत होते. ‘कापल्यावर इचारून काय उपेग?’ म्हणाले, आणि क्षणभर मला कळेना की हे कात्रीबद्दल आहे की शब्दाबद्दल. मग म्हणाले, ‘सगळंच काळं करू.’

उपाय साधा होता. गंजके खिळे विनेगरमध्ये घालून काही दिवस ठेवायचे. आमच्या घरी सोरपोतेलसाठी गोव्याहून आणलेलं माडाचं विनेगर असतंच. आजीनं कुरकुरत पाव बाटली दिली. ते पाणी कापडानं खोळीवर फिरवलं की चामडं डोळ्यांदेखत काळं होत जातं. हा वरून दिलेला थर नाही, चामडंच काळं झालेलं असतं, त्यामुळे खरवडलं तरी जात नाही. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं पुसून आंबटपणा मारायचा आणि तेलाचा हलका हात. तेल जास्त झालं तर आकार परत सैल पडतो.

‘चांभारचौकशा’ या शब्दाचा कोशातला अर्थ नसत्या, बारीकसारीक चौकशा. मी जे बघितलं त्यात एकही चौकशी नसती नव्हती. माप, हात, बाजू, वजन, घाम, प्रत्येक प्रश्न कुठे ना कुठे चामड्यात उतरला. ज्या माणसाला एकदाच कापता येतं तो आधी विचारणारच. विचारणाऱ्याची जात शब्दाला चिकटवून आपण त्या विचारण्याचीच टिंगल केली आणि तिला म्हणी-वाक्प्रचारांच्या यादीत मानाची जागा दिली. शाळेत मला या शब्दावर वाक्यात उपयोग करा असा प्रश्न आला होता; एक गुण मिळाला होता. आम्ही ख्रिस्ती यातून सुटलेले आहोत असंही नाही. प्रेषितांच्या कृत्यांत, नवव्या अध्यायाच्या शेवटी, पेत्र यापो गावात शिमोन नावाच्या कातडी कमावणाऱ्याच्या घरी पुष्कळ दिवस राहतो. मेलेल्या जनावरांना हात लावणारा म्हणून त्या समाजात तो धंदा हलका मानलेला, घर समुद्राकाठी. हा भाग मी लहानपणापासून ऐकलाय. तरी आमच्याकडे लग्न ठरवताना ‘मूळचे कोण’ हा प्रश्न हळू आवाजात विचारतातच. त्या चौकशीला मात्र आमच्याकडे काही नाव नाही.

उलट पट्ट्याला आपल्या भाषेत केवढी इज्जत. पट्टेवाला हा माणूसच त्याच्या पट्ट्यावरून ओळखला जायचा. सरकारचा अधिकार त्याच्या अंगावर तिरका असे. कंबर कसायची ती पट्ट्यानं. जमिनीचा पट्टा, तलवारीचा पट्टा. हे सगळं शिवणाऱ्याच्या वाट्याला फक्त चौकशा आल्या.

पट्टा आणि खोळ ऑगस्टच्या शेवटी आजोबांना दिली. पट्ट्याचा रंग अजून कच्च्या शेंगदाण्यासारखा होता. आता उन्हानं आणि हातानं गडद होत चाललाय. काळी खोळ बघून ते म्हणाले, ‘फौजदार झालो की!’ मग उजव्या हातानं कात्री काढली, घातली, परत काढली. खोळ हलली नाही. बक्कल अजून आजीच लावून देते, त्याला मामांकडे आणि माझ्याकडे उपाय नाही. एक सूचना मामांनी दोनदा दिली होती: कात्री रात्री खोळीत ठेवायची नाही, चामडं दमट हवा धरतं आणि लोखंड गंजतं. पिस्तूल बाळगणाऱ्यांनाही हेच सांगतात. आजोबा ऐकत नाहीत. रोज रात्री मी कात्री काढून खिडकीत ठेवते.

डिसेंबरात नाताळच्या आधी पट्टा शेवटच्या भोकातही सैल व्हायला लागला. मी मामांकडून पंच मागून आणला, इंचभर मोजलं, खूण केली, पुन्हा मोजलं आणि कोऱ्या सोडलेल्या जागेत सहावं भोक मारलं. ते सरळ पडलंय.